अर्धायुष्य

‘हाफ-लाइफ’ला मराठीत ‘अर्धायुष्य’ म्हणतात. हिंदीत अर्ध-आयु, बंगालीत अर्धायु. समास सरळ आहे, कानाला बरा लागतो, शब्दसूच्यांमध्ये पक्का बसलेला आहे. अडचण एवढीच, की तो ऐकणाऱ्याची दिशाभूल करतो. ज्याचे अर्धे आयुष्य पाच वर्षांचे त्याचे पूर्ण आयुष्य दहा वर्षांचे, असा हिशेब मराठी बोलणारा कोणीही शहाणा माणूस करील, आणि त्यात त्याची चूक नसेल. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे आहे. साडेदहा वर्षांनी ते संपते का? नाही, चौथा हिस्सा उरतो. आणखी सव्वापाच वर्षांनी आठवा, मग सोळावा, मग बत्तिसावा. ‘पूर्णायुष्य’ असे काही नाहीच. ज्याला पूर्ण नाही त्याला अर्धे कसे असेल, हा प्रश्न शब्दाने विचारायलाच हवा होता. पण शब्द गप्प बसतो.

मी भौतिकशास्त्रातली नाही. तुलनात्मक साहित्यात एम.ए. केले आणि गेली अठरा-वीस वर्षे गाझियाबादेत बसून इंग्रजी-हिंदीतून मराठीत अनुवाद करते. कादंबऱ्या कमी; औषधांच्या खोक्यातली माहितीपत्रके आणि विम्याचे करारनामे जास्त. गेल्या वर्षी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या ‘मॉडर्न फिजिक्स’च्या प्रास्ताविक अभ्यासक्रमाचे काम आले. व्याख्यानांच्या संहिता, सोडवलेली उदाहरणे, स्वाध्याय. सोबत शब्दसूची, आणि तिच्यातले शब्द बदलायचे नाहीत ही अट. साधारण हाच भाग दिल्ली विद्यापीठात ‘एलिमेंट्स ऑफ मॉडर्न फिजिक्स’ या नावाने बी.एस्सी. ऑनर्सला शिकवला जात आला आहे, आणि देशभर थोड्याफार फरकाने क्रम तोच असतो: प्लांक, प्रकाशविद्युत परिणाम, कॉम्प्टन, द ब्रॉय, हायझेनबर्ग, श्रोडिंगर, आणि सत्र संपता संपता घाईघाईने अणुकेंद्रक. यातले ‘मॉडर्न’ सव्वाशे वर्षांचे म्हातारे आहे. प्लांकचा निबंध १९०० चा, हायझेनबर्गचा १९२७ चा. साहित्यातले ‘मॉडर्न’ही बरेचसे त्याच वर्षांतले आणि तेही त्याच नावाने तिथेच गोठून बसलेले, त्यामुळे हा अभ्यासक्रम मला पहिल्या दिवसापासून ओळखीचा वाटला.

सगळेच पारिभाषिक शब्द वाईट असतात असे नाही. ‘समस्थानिक’ घ्या. ‘आयसोटोप’चा मूळ ग्रीक अर्थ ‘तीच जागा’, म्हणजे आवर्तसारणीतल्या एकाच घरात बसणारे. १९१३ साली फ्रेडरिक सॉडीला हा शब्द मार्गारेट टॉड या डॉक्टर आणि कादंबरीकार असलेल्या बाईंनी सुचवला होता. मराठी प्रतिशब्द मुळाइतकाच नेमका आहे. ‘डीके’ला ‘क्षय’ म्हणणे मात्र मला जड जाते, कारण महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात ‘क्षय’ म्हटले की आधी खोकला ऐकू येतो. आणि ‘अर्धायुष्या’चा दोष तर मराठीचा नाहीच, तो इंग्रजीकडून आलेला आहे. जर्मनमध्ये याला ‘हाल्बव्हेर्ट्सत्साइट’ म्हणतात, निम्मे मूल्य होण्याचा काळ. त्यात आयुष्य कुठेही नाही. इंग्रजीने ‘लाइफ’ घातले, आपण निष्ठेने ‘आयुष्य’ केले. जर्मनवरून अनुवाद करणारा कोणी त्या वेळी भेटला असता तर आपल्याकडे ‘निम्मेकाळ’ किंवा तसे काहीतरी रुजले असते.

शब्द एवढा टोचण्याचे कारण त्याच्यामागचे भौतिकशास्त्र आहे, आणि ते मला या वयात पहिल्यांदा समजले. रदरफर्डने १९०० साली थोरियममधून बाहेर पडणारा वायू मोजला तेव्हा त्याची क्रियाशीलता साधारण मिनिटाभरात निम्मी होते, पुढच्या मिनिटाभरात उरलेल्याची निम्मी, असे दिसले. वाचताना हे ओळखीचे गणित वाटते. त्याचा अर्थ मात्र विलक्षण आहे. किरणोत्सारी अणू म्हातारा होत नाही. कोबाल्ट-६० चा अणू अणुभट्टीत घडला त्या क्षणी पुढच्या एका वर्षात त्याचा क्षय होण्याची जितकी शक्यता होती, तितकीच ती चाळीस वर्षांनीही असते. तोवर तो टिकला असेल तर. त्याला आपले वय ठाऊक नसते. तो झिजत नाही, गंजत नाही, मवाळ होत नाही. माणसाचे, यंत्राचे, पुस्तकाचे, कपड्याचे ‘जुने होणे’ आपल्या हाडात इतके भिनलेले आहे, की न वापरता पडून राहिलेली वस्तू आपोआप निरुपद्रवी होत जाते असे आपण गृहीतच धरतो. कोबाल्टचा साठा कमी होतो खरा, पण जो शिल्लक असतो तो अगदी ताजा असतो.

आता मायापुरी.

मायापुरी हा पश्चिम दिल्लीतला औद्योगिक भाग, भंगाराचा मोठा बाजार. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात ‘गामासेल-२२०’ नावाचे एक यंत्र होते, कॅनडाहून आणलेले. शिशाच्या जाड कवचात कोबाल्ट-६०, आणि त्याच्या गामा किरणांखाली नमुने ठेवून प्रयोग करायचे. १९८५ नंतर ते वापरात नव्हते. फेब्रुवारी २०१० मध्ये इतर जुन्या सामानाबरोबर त्याचा लिलाव झाला आणि ते मायापुरीत पोचले. तिथे कामगारांनी ते फोडले. शिसे विकाऊ असते. आतले चकचकीत धातूचे तुकडे वेगवेगळ्या दुकानांत गेले, एक तर एका माणसाच्या पाकिटात जाऊन बसला. एप्रिलच्या सुरुवातीला एका रुग्णालयातल्या डॉक्टरांना काळी पडलेली कातडी पाहून संशय आला, तेव्हा अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवले गेले. सुरुवातीला सगळ्यांचा संशय परदेशातून आलेल्या भंगारावर होता. माग काढत गेल्यावर पत्ता निघाला तो शहराच्याच उत्तर टोकाचा, विद्यापीठाचा. अनेक जण आजारी पडले होते. त्यांतल्या एका कामगाराचा २६ एप्रिल २०१० रोजी मृत्यू झाला. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर, शून्य ते सात या श्रेणीत, ही चौथ्या पातळीची दुर्घटना ठरली.

१९८५ ते २०१० म्हणजे पंचवीस वर्षे, म्हणजे पावणेपाच अर्धायुष्ये. १९८५ साली त्या शिशाआड जितके कोबाल्ट होते, त्याचा साधारण सत्ताविसावा हिस्सा लिलावाच्या दिवशी शिल्लक होता. हे गणित मी अनुवाद करत असलेल्या अभ्यासक्रमातल्या सर्वांत सोप्या गणितांपैकी आहे. परीक्षेत दोन मार्कांना येते. ज्या आवारात दरवर्षी मुले हे गणित सोडवून उत्तीर्ण होतात, त्याच आवारातून ते यंत्र ट्रकवर चढले. मला नेमकी इथे गोष्ट अडते. विद्यापीठाला हे ठाऊक होते की नव्हते?

‘ठाऊक होते’ म्हणायला हरकत नाही: भौतिकशास्त्राचा विभाग हाकेच्या अंतरावर, ग्रंथालयात पुस्तके, डझनावारी माणसे असे गणित झोपेतही करू शकणारी. ‘ठाऊक नव्हते’ म्हणायलाही हरकत नाही, कारण लिलाव करणाऱ्यांच्या टेबलावर जे होते ते एक नोंदवही होती आणि तिच्यातली एक ओळ. आपल्या महाविद्यालयांत अशा नोंदवहीला ‘डेड स्टॉक रजिस्टर’ म्हणतात. मेलेला माल. टेबले, कपाटे, तराजू, सूक्ष्मदर्शक, सगळे मेलेले. त्यातली एखादी वस्तू काढून टाकायची असेल तर महाराष्ट्रातल्या सरकारी मराठीत तिचे ‘निर्लेखन’ करतात, म्हणजे लिहिलेले पुसतात. एक सही, एक शिक्का, आणि वस्तू नसल्यात जमा होते. कारकुनी भाषेतले हे दोन्ही शब्द मला एरवी आवडतात. त्यांत एक अजाण काव्य आहे. पण मेलेल्या मालाच्या यादीत कोबाल्ट घातले गेले की ते शब्द काव्य राहत नाहीत. वहीतून पुसलेली वस्तू खोलीतून पुसली जात नाही.

यावर नेहमीचे उत्तर असे, की हा प्रशासनाचा गोंधळ. भौतिकशास्त्राचा किंवा ते शिकवण्याचा यात काय संबंध? ज्ञान तटस्थ असते, हलगर्जी माणसे करतात. मला हे उत्तर अपुरे वाटते, आणि त्यासाठी विज्ञानावर आरोप करण्याचीही गरज नाही. प्रश्न ज्ञानाच्या ठिकाणाचा आहे. संस्थेला एखादी गोष्ट ठाऊक असते म्हणजे काय? तिला डोके नसते. कोणीतरी ते यंत्र मागवलेले असते, वापरलेले असते, त्याच्या जवळ उभे राहून विद्यार्थ्यांना सांगितलेले असते की हे उघडायचे नाही. मग ती माणसे निवृत्त होतात. पंचवीस वर्षांत एक पूर्ण पिढी निवृत्त होते. पुढच्या पिढीला यंत्र दिसते. सांगणारा दिसत नाही. कोबाल्ट म्हातारे होत नाही, संस्थेची आठवण होते. हे असमान आहे आणि आधीपासून माहीत असलेले आहे. म्हणून जो असे काही विकत घेतो, त्याच्यावर केवळ ते सांभाळण्याचीच नव्हे, तर आपण नसताना ते सांगितले जाईल अशी तजवीज करण्याचीही जबाबदारी येते, असे मी म्हणेन. वापर थांबवल्याने ती संपत नाही. उलट वापर थांबतो तेव्हाच ती खरी सुरू होते, कारण वापरात असलेले यंत्र स्वतःची आठवण स्वतःच करून देत असते.

त्या वेळी कुलगुरूंनी ‘नैतिक जबाबदारी’ स्वीकारली. या शब्दजोडीवर अनुवादक म्हणून माझा राग आहे. मराठीत काय, हिंदीत काय, ‘जबाबदारी’ला ‘नैतिक’ लावले की ती वाढण्याऐवजी घटते. ‘मी जबाबदारी घेतो’ म्हणणारा माणूस पुढे काहीतरी करणार असतो. ‘नैतिक जबाबदारी घेतो’ म्हणणाऱ्याने बहुधा ते आत्ताच करून टाकलेले असते. नेहमीच असे नव्हते. १९५६ च्या नोव्हेंबरात अरियलूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा दिला, तेव्हा त्या विशेषणाला वजन होते: कायद्याने माझ्यावर काही येत नाही, तरीही माझ्यावर येते, असा त्याचा अर्थ होता. आज तेच विशेषण ‘कायद्याने माझ्यावर काही येत नाही’ एवढ्यावरच थांबते. दुसरा अर्धा भाग गळून पडला आहे.

तरी त्या बचावातली एक गोष्ट सहज टाकून देता येत नाही. नशीब. समजा, तो ट्रक मायापुरीत न जाता एखाद्या गोदामात पडून राहिला असता, शिशाचे कवच कोणी फोडले नसते. कोणाचा दोष कोणाला दिसलाच नसता, आणि लिलाव करणारी तीच माणसे तितकीच बरी ठरली असती. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी १९७६ साली याच कोड्याला ‘मॉरल लक’ असे नाव दिले: आपल्या हातात नसलेल्या गोष्टींवरून आपली नैतिक किंमत का ठरावी? मला वाटते, इथे हा अभ्यासक्रमच उपयोगी पडतो. एका अणूचा क्षय कधी होईल हे सांगता येत नाही, कोणालाच नाही, कुठल्याही उपकरणाने नाही. पण एका मायक्रोग्रॅम कोबाल्टमध्ये एकावर सोळा शून्ये इतके अणू असतात, आणि त्यांच्यातले किती या तासाभरात जातील हे जवळजवळ नेमके सांगता येते. कोणता, हा योगायोग. किती, हा नाही. भंगारबाजाराचेही तसेच. कोणत्या कामगाराच्या हातात छिन्नी असेल, तुकडा कोणाच्या पाकिटात जाईल, हे नशीब. पण शिशाची पेटी शिसे विकणाऱ्या बाजारात पाठवल्यावर ती कोणीतरी फोडणार, यात नशिबाचा भाग फारच थोडा. ‘कोणाला’ हे ठाऊक नव्हते, एवढ्यावरून ‘कोणालाच नाही’ असे समजणे ही तर्काची चूक आहे, आणि तिची किंमत ती चूक करणाऱ्याला द्यावी लागत नाही.

शिवाय हे पहिल्यांदा घडत नव्हते. ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात १९८७ साली सोडून दिलेल्या दवाखान्यातून भंगार वेचणाऱ्यांनी सीझियम-१३७ चे यंत्र नेले. आतली भुकटी अंधारात निळी चमकत होती, म्हणून ती नातेवाइकांत वाटली गेली; चार जण मेले. २००० साली थायलंडमध्ये सामुत प्राकान इथे पुन्हा कोबाल्ट, पुन्हा भंगाराचे दुकान, तीन मृत्यू. देश वेगळे, भाषा वेगळ्या, साखळी तीच: शिकलेल्यांच्या इमारतीतून निघायचे आणि वजनावर विकत घेणाऱ्यांकडे पोचायचे.

माझी एक मैत्रीण दिल्लीतल्या एका महाविद्यालयात हाच विषय शिकवते. अमरावतीची आहे, माझ्यासारखीच लग्नानंतर इकडे आलेली. तिला मी हे सगळे सांगितले तेव्हा ती उसळली. “अगं, हे वर्गात आणलं की मुलं फक्त घाबरतात. आधीच रेडिएशन म्हटलं की लोकांना हिरोशिमा दिसतं. उद्या हीच मुलं आजीला कॅन्सरचे शेक द्यायला नाही म्हणतील.” तिचे म्हणणे खोटे नाही. हेच कोबाल्ट-६० ट्यूमर जाळते. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले ‘भाभाट्रॉन’ त्यावरच चालते. तुर्भ्याच्या ‘आयसोमेड’मध्ये १९७४ पासून दवाखान्यांचे साहित्य त्यानेच निर्जंतुक होते. नाशिक जिल्ह्यात लासलगावला २००२ पासून ‘कृषक’ हे विकिरण केंद्र आहे; तिथे कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून गामा किरण देतात, आणि २००७ पासून आपला हापूस अमेरिकेला गेला तो याच किरणांखालून. माझ्या मावशीला शेक चालू होते तेव्हा घरातल्या लहान मुलांना तिच्याजवळ जाऊ देत नसत. बाहेरून दिलेल्या गामा किरणांनी माणूस किरणोत्सारी होत नाही, हे त्या घरातल्या कोणालाच कोणी सांगितले नव्हते. सहा आठवडे ती बाई एका खोलीत, ताट दाराशी.

पण मला तिच्या उदाहरणातून उलटेच दिसते. मावशीच्या घरात जिथे भीतीचे कारण नव्हते तिथे भीती होती, मायापुरीत जिथे होते तिथे नव्हती. दोन्हीकडे एकच गोष्ट गैरहजर होती. भीती आणि ज्ञान यांत निवड करायची आहे असे माझ्या मैत्रिणीने धरले. मला वाटते, भीती योग्य जागी ठेवता येणे हेच ज्ञानाचे एक काम आहे. आणि ते ज्यांच्याकडे सर्वांत आधी पोचायला हवे ते विद्यार्थी नव्हेतच. विद्यार्थ्याने आयुष्यात कधी गामासेल फोडायची शक्यता नगण्य आहे.

या बाबतीत दिल्लीला एक जुना वारसा आहे, आणि तो विसरला गेला याचे मला वाईट वाटते. दौलतसिंग कोठारी केंब्रिजला रदरफर्डच्या हाताखाली शिकले, परत येऊन त्यांनी दिल्ली विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग उभा केला. संरक्षण मंत्रालयाचे वैज्ञानिक सल्लागार असताना त्यांनी अणुस्फोटांच्या परिणामांवर सर्वसामान्य वाचकासाठी पुस्तक लिहिले. १९५६ साली ते सरकारच्या प्रकाशन विभागाने काढले आणि त्याला नेहरूंची प्रस्तावना होती. १९६१ साली वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग स्थापन झाला, त्याचे पहिले अध्यक्ष कोठारीच. १९६४ ते ६६ चा शिक्षण आयोग त्यांच्याच नावाने ओळखला जातो, आणि विद्यापीठात प्रादेशिक भाषांतून शिकवण्याकडे दहाएक वर्षांत टप्प्याटप्प्याने जावे असे त्या आयोगाने म्हटले होते. अणू, त्याचे परिणाम, त्यासाठीचे शब्द, ते शब्द कोणापर्यंत पोचायचे: एकाच माणसाच्या टेबलावर हे चारही विषय होते. त्याच साठच्या दशकात, १९६२ ते ६७, त्या विद्यापीठाचे कुलगुरू चिंतामणराव देशमुख होते, ज्यांनी ‘मेघदूता’चा मराठी अनुवाद केला. (मेट्रोच्या गुलाबी मार्गावरच्या विद्यापीठाच्या दक्षिण परिसराच्या स्थानकाला दुर्गाबाई देशमुखांचे नाव आहे. तिथून तिसरे स्थानक मायापुरी.) पुढे हे विषय वेगवेगळ्या इमारतींत गेले. शब्द कोशांत राहिले, भौतिकशास्त्र इंग्रजीत राहिले, आणि अणू भंगारात गेला.

कोठारींच्या पिढीचा प्रकल्प फसला की अर्धवट राहिला, यावर वाद घालता येईल. मला त्यातली एक उणीव दिसते ती अशी, की परिभाषा कोणासाठी हे त्यात गृहीत धरलेले होते: जो वर्गात येईल त्याच्यासाठी. अनुवादक पहिला प्रश्न विचारतो तो ‘वाचक कोण?’ हा. या प्रश्नाचे मला माहीत असलेले सर्वांत प्रामाणिक उत्तर कोशात नसून एका चित्रात आहे. किरणोत्साराचे ते तीन पात्यांचे चिन्ह १९४६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या प्रयोगशाळेत तयार झाले. ज्याला ठाऊक आहे त्याला ते पुरेसे बोलते. ज्याला ठाऊक नाही त्याला, विशेषतः दिल्लीच्या उन्हाळ्यात राहणाऱ्याला, तो छताचा पंखा वाटला तर नवल नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने अकरा देशांत लोकांना दाखवून पाहिले आणि २००७ साली एक पूरक चिन्ह जाहीर केले: वर तीच पाती आणि त्यातून निघणारे किरण, खाली कवटी, बाजूला पळणारा माणूस. लाल पार्श्वभूमी. अक्षर एकही नाही. पण मला त्यातली खरी गंमत चित्राची वाटली नाही, जागेची वाटली. हे चिन्ह यंत्राच्या बाहेर लावायचे नसते. रोज वापरणाऱ्याला ते दिसू नये आणि यंत्र उघडू पाहणाऱ्याला दिसावे, अशा आतल्या ठिकाणी लावायचे. वाचक ठरवून लिहिलेला मजकूर आहे तो. शास्त्रज्ञांनी शेवटी भंगारवाल्यासाठी एक वाक्य लिहिले, मात्र ते त्या जुन्या यंत्रांच्या पोटात कोण जाऊन लावणार?

आता माझ्या टेबलावरचा प्रश्न, फार लहान. शब्दसूची ‘अर्धायुष्य’ म्हणते. शब्द बदलायची मला परवानगी नाही, आणि ती असावी असेही मला पूर्णपणे वाटत नाही. प्रत्येक अनुवादकाने आपापला शब्द पाडला तर विद्यार्थ्याला दोन पुस्तके एकमेकांशेजारी ठेवून वाचता येणार नाहीत. मग अनुवादकाने काय करावे? या धंद्याचा एक आदर्श मला भौतिकशास्त्राच्या इतिहासातच सापडला. जून १९२४ मध्ये ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी आपला निबंध आइन्स्टाइनकडे पाठवला. बोस स्वतः अनुवादकही होते. सापेक्षतेवरच्या मूळ जर्मन निबंधांचे त्यांनी आणि मेघनाद साहांनी केलेले इंग्रजी अनुवाद कलकत्ता विद्यापीठाने १९२० साली पुस्तकरूपाने काढले होते. आइन्स्टाइनने बोस यांचा निबंध स्वतः जर्मनमध्ये आणला, छापवला, अनुवादक म्हणून आपले नाव दिले आणि खाली स्वतंत्र टीप लिहिली, की ही सिद्धता महत्त्वाची आहे. बोस यांच्या दुसऱ्या निबंधाचाही त्याने अनुवाद केला, आणि त्यातला विचार पटला नाही तेव्हा तेही खालच्या टिपेत उघड लिहिले. वर लेखकाचे, खाली माझे, मधे रेघ. ही रेघ मला कुठल्याही अनुवाद-सिद्धांतापेक्षा जास्त शिकवून गेली.

तेव्हा मी शब्द ठेवला आणि रेघ मारून टीप घातली. तीन वाक्ये: या शब्दातल्या ‘आयुष्या’वर जाऊ नये, दोन अर्धायुष्यांनी पदार्थ संपत नाही, शिल्लक राहिलेला प्रत्येक अणू पहिल्या दिवशी होता तसाच असतो. संपादकांनी विचारले, स्वाध्यायात याची काय गरज? मी मायापुरीचे कात्रण पाठवले. टीप राहिली, कात्रणाचा उल्लेख गेला. ‘संस्थांची नावे टाळावीत’, असा शेरा होता.

मैत्रिणीला मात्र ते गणित सोडवत नव्हते असे दिसते. या सत्रात तिने ट्युटोरियलला नाव-गाव न देता ते घातले: एका स्रोताचा वापर १९८५ मध्ये थांबला, अर्धायुष्य ५.२७ वर्षे, २०१० मध्ये किती हिस्सा उरला असेल? मग मला रात्री फोन केला. जवळजवळ सगळ्यांचे उत्तर बरोबर आले होते, सुमारे पावणेचार टक्के. दोघातिघांनी पुढे आपणहून लिहिले होते, की म्हणजे नगण्य. एक मुलगा उत्तर न लिहिताच तिच्याकडे आला. शेवटच्या बाकावर बसणारा, शिकवणी न लावलेला, असे ती म्हणाली.

“तो म्हणतो, मॅम, हिस्सा काढता येतो, पण तो धोकादायक आहे की नाही ते कसं कळणार? सुरुवातीला किती होतं ते दिलेलंच नाही.”

मग तू काय सांगितलेस, मी विचारले.

“म्हटलं, बरोबर आहे. नाही दिलेलं. तसं वहीत लिही.”